नवा फोन घ्यायचा की आहे तोच चालवायचा? सांगलीकरांसाठी सविस्तर हिशेब

दिवाळीचा बोनस, उसाचं बिल, बेदाण्याच्या सौद्याची पट्टी, नाहीतर पोराचा बारावीचा निकाल. आपल्याकडे घरात नवा फोन येतो तो बहुतेक यातल्याच एखाद्या मुहूर्तावर. म्हणजे फोन कधी बदलायचा हे खिशातले पैसे ठरवतात. जुन्या फोनला नेमकं काय झालंय हे बघायला कुणी थांबत नाही. दुकानात शिरलं की मग ‘बघायला आलोय’ म्हणणारा माणूस पिशवी घेऊनच बाहेर पडतो.

म्हणून ही सगळी चाचपणी दुकानात जायच्या आधीची आहे. ज्यांचं घ्यायचं पक्कं झालंय त्यांनी पहिला भाग सोडून दिला तरी चालेल, पण फोन बदलण्याच्या दिवसाबद्दल आणि जुन्या फोनबद्दल जे लिहिलंय ते वाचल्याशिवाय सिम काढू नका.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा

‘फोन लई हँग होतोय’ या एका तक्रारीत तीन-चार वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. कागद घ्या आणि आठवडाभर फोन कधी कधी त्रास देतो ते लिहा. चार्जिंग दुपारीच संपतं? कॅमेरा उघडायला वेळ लागतो? फोनवर बोलताना समोरच्याला ऐकू जात नाही? तक्रार नेमकी झाली की अर्धं काम होतं.

सर्वांत जास्त फोन ‘मरतात’ ते जागा भरल्यामुळं. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा. दहा-पंधरा टक्के जागासुद्धा रिकामी नसेल तर कुठलाही फोन रखडणारच. दोषी बहुधा व्हॉट्सअ‍ॅप असतं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. तिथं मोठे व्हिडिओ आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. भावकीच्या ग्रुपवरचे सुप्रभात आणि वाढदिवसाचे व्हिडिओ तिथून उडवले की आठ-दहा जीबी सहज मोकळे होतात. नंतर त्याच अ‍ॅपमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा तेच. एवढं करूनही फोन रखडत असेल तर सगळ्याचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं, तेही करून बघा.

दुसरं दुखणं बॅटरीचं. लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात. शंभर टक्के चार्ज वापरला की एक सायकल. आज पन्नास आणि उद्या पन्नास वापरला तरी दोन्ही मिळून एकच. साधारण पाचशे ते आठशे सायकलींनंतर बॅटरीची धारणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते. अलीकडच्या काही फोनना कंपन्या हजार किंवा त्याहून जास्त सायकलींचं आश्वासन देतात. रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याचा फोन दोन वर्षांनी दुपारीच मान टाकू लागला तर त्यात नवल नाही. शिवाय बॅटरी थकली की फोन मंदही होऊ शकतो. जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग आपण मुद्दाम कमी करतो हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच कबूल केलं होतं. त्या वेळी नुसती बॅटरी बदलून अनेकांचे फोन पूर्वीसारखे पळायला लागले.

आयफोनमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ सेटिंगमध्येच दिसतं. अँड्रॉइडमध्ये काही कंपन्या दाखवतात, काहींच्या सर्व्हिस अ‍ॅपमध्ये तपासता येतं. साध्या अँड्रॉइड फोनची बॅटरी अधिकृत सर्व्हिस सेंटरला साधारण हजार ते अडीच हजारांत बदलून मिळते; आयफोनला त्याच्या कितीतरी पट लागतात. पंधरा हजारांचा नवा फोन घेण्याआधी हा आकडा विचारून यायला काय हरकत आहे? मात्र बॅटरी फुगून मागचं झाकण किंवा पडदा उचलला गेला असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका आणि दाबून बसवायचाही प्रयत्न करू नका.

चार्जिंग जॅकचं दुखणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त फसवणारं. एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बघितलेली गोष्ट सांगतो. मार्केट यार्डातल्या अडतीवर काम करणाऱ्या एका मुनिमांचा फोन होता. केबल अर्धवटच आत जायची आणि फोन एका विशिष्ट कोनात धरला तरच चार्ज व्हायचा. हळदीच्या सौद्यांचे दिवस होते. दुरुस्तीवाल्यानं फोन भिंगाखाली धरला आणि बारीक चिमट्यानं जॅकमधून एक पिवळी चकती बाहेर ओढली. खिशातले कापसाचे धागे आणि हळदीची पूड, महिनोन्महिने केबलनं दाबून दाबून घट्ट बसलेली. ब्रश मारला, केबल टक्कन बसली. मुनीम तोवर शेजारच्या दुकानात नव्या फोनचे भाव विचारून आले होते. घरी करायचं असेल तर फोन बंद करा, लाकडी टूथपिक हलक्या हातानं फिरवा. पिन किंवा सुई घालू नका. आतले संपर्क वाकले तर जॅकच बदलावा लागतो. आवाज बारीक येतोय अशी तक्रार असेल तर स्पीकरच्या जाळीचीही हीच तपासणी.

डिस्प्लेचं प्रकरण मात्र महागाचं. फुटलेल्या अ‍ॅमोलेड (स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांच्या, महागड्या प्रकारच्या) पडद्याचा खर्च कधीकधी फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. बाहेर स्वस्तात ‘कॉपी’ कॉम्बो, म्हणजे मूळ कंपनीचा नसलेला काच-पडद्याचा जोड, बसवून मिळतो, पण अ‍ॅमोलेडच्या जागी साधा एलसीडी बसवला तर रंग फिके पडतात, बॅटरी जास्त जाते आणि पडद्याखालचा फिंगरप्रिंट बंद पडतो. असा पडदा बसवून घ्यायचाच असेल तर काय बसवताय ते बिलावर लिहून घ्या.

माझा हिशेब सरळ आहे. तुमच्याच मॉडेलचा चांगल्या अवस्थेतला सेकंड हँड फोन आज जितक्याला मिळतो, त्याच्या निम्म्यावर दुरुस्तीचा खर्च गेला की थांबायचं. त्याच्या आत असेल तर दुरुस्त करून घ्यायचा.

बदलण्याची खरी कारणं

पहिलं कारण दिसत नाही, म्हणून त्याकडं दुर्लक्ष होतं. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जा, अँड्रॉइड व्हर्जनवर टिचकी मारा. तिथं सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती वर्षभराहून जुनी असेल आणि त्याच फोनवर तुमचं बँक खातं, यूपीआय, मुलांची फी आणि सोसायटीचे व्यवहार चालत असतील, तर फोन कितीही ठणठणीत दिसला तरी बदलायची वेळ आली आहे. बॅटरी विकत मिळते, बंद झालेले अपडेट विकत मिळत नाहीत. अ‍ॅपवालेही कालांतराने हात वर करतात. व्हॉट्सअ‍ॅपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वरचे फोन सोडून दिले आणि त्याच वर्षी पुढं आयफोन ६ च्या पिढीचे फोनही.

दुसरं कारण म्हणजे काम अडणं. इथं जरा थांबून बघायला हवं, कारण ‘काम अडतंय’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा फोनचा दोष नसतोच. तासगाव, पलूस, मिरजेकडं बागायतदार द्राक्षाच्या पानाचा फोटो काढून सल्लागाराला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. पलीकडून उत्तर येतं, ‘भाऊ, फोटो स्पष्ट नाही, डाऊनी आहे का दुसरं काय कळंना.’ झालं, नव्या कॅमेऱ्याचा विषय निघतो. त्याआधी दोन गोष्टी करून बघा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. तोच फोटो ‘एचडी’ निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर पानामागची डाऊनी रोगाची पांढरी बुरशी स्वच्छ दिसते. आणि फोन पानाला चिकटवू नका. वीतभर लांब धरा, दोन पट झूम करा, पानाच्या मागच्या बाजूवर बोट टेकवून फोकस घ्या आणि पान स्वतःच्या सावलीत धरा. एवढं करूनही फोटो धूसरच आला तर मग कॅमेरा खरंच कमी पडतोय.

ई-पीक पाहणीचंही तसंच. २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करतात, त्यात शेतात उभं राहून जागेच्या नोंदीसह फोटो द्यावा लागतो. ‘लोकेशन घेत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा लोकेशनची परवानगी न दिल्यामुळं किंवा अचूकतेचं सेटिंग बंद असल्यामुळं येते. ते चालू करून, उघड्या आभाळाखाली दोन मिनिटं थांबून पुन्हा बघा.

तिसरं कारण नेटवर्क. भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याआधी विकल्या गेलेल्या काही फाइव्ह-जी फोनमध्ये मोजकेच बँड, म्हणजे सिग्नलच्या लहरींचे पट्टे, होते. जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झचा एन-२८ बँड महत्त्वाचा आहे, कारण कमी वारंवारितेच्या लहरी भिंतीतून आणि लांबपर्यंत जातात. एन-७८ हा दुसरा मुख्य बँड, वेग जास्त पण पोहोच कमी. नवा फोन घेताना हे दोन्ही आहेत ना ते बघा. बीएसएनएलचं सिम असेल तर फोर-जीच्या यादीत बँड २८ आणि बँड १ शोधा. पण घरी वायफाय आणि बाहेर फक्त व्हॉट्सअ‍ॅप, फोन-पे एवढाच वापर असेल तर फाइव्ह-जीपायी फोन बदलण्यात अर्थ नाही. २०२४ च्या दरवाढीनंतर अमर्याद फाइव्ह-जी डेटा बहुतेक दिवसाला दोन जीबी किंवा त्यावरच्या रिचार्जवरच मिळतो, म्हणजे नव्या फोनबरोबर रिचार्जही वाढायची शक्यता असते. आणि शिराळ्याकडच्या डोंगरकपारीत राहणाऱ्यांनी फोनच्या आधी, तिथं कुठलं सिम चालतं तेच बघावं.

ऑफिसात सगळ्यांकडं नवे फोन आलेत, हेही एक कारण असतं. त्यावर मी काही बोलत नाही. हौसेला मोल नाही, फक्त तिला गरज म्हणू नका.

काय हाती लागेल, काय हातचं जाईल

तीन-चार वर्षांपूर्वीच्या मध्यम किमतीच्या फोनवरून आज त्याच किमतीच्या फोनवर आलात तर फरक खरोखर जाणवणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. उन्हात वाचता येणारा पडदा ही त्यातली पहिली, आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये तिची किंमत कळते. दुसरी बॅटरी. पाच हजार एमएएचच्या (बॅटरीची क्षमता यात मोजतात) जागी आता सहा-सात हजारांच्या बॅटऱ्या त्याच जाडीत बसायला लागल्या आहेत. रात्रीचे फोटो सुधारतात. अपडेटची वर्षं नव्यानं सुरू होतात. दिवसाउजेडी काढलेल्या फोटोत मात्र फारसा फरक दिसणार नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप चालवायला दोन्ही फोन सारखेच.

जाणाऱ्या गोष्टींची यादी दुकानदार देत नाही. हेडफोनचा जॅक जातो, मेमरी कार्डाची जागा जाते. ज्यांची भजनं, गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ कार्डावर आहेत त्यांनी हे आधी बघावं, कारण मग १२८ ऐवजी २५६ जीबीचं मॉडेल घ्यावं लागतं. बऱ्याच कंपन्या डब्यात चार्जर देत नाहीत. फोनचा आकार आणि वजन वाढतं. शर्टच्या खिशात मावतो का ते खिशात घालूनच बघा. स्वस्त फोनमध्ये नको असलेली अ‍ॅप आणि जाहिरातींच्या सूचना येतात, त्या बंद करण्यात पहिली संध्याकाळ जाते. घरातल्या ज्येष्ठांचा फोन बदलत असाल तर शक्यतो त्याच कंपनीचा घ्या. आई-आबांना फोन उचलायचं हिरवं बटण कुठं सरकवायचं हे नव्यानं शिकवणं हा वेगळाच खर्च आहे आणि तो तुमच्याच अंगावर पडतो.

आपल्या गावाचा म्हणून एक मुद्दा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी बघितले, त्यांना आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे पाठ आहे. पाणी चढलं की वीज जाते, आणि मग फोन हाच कंदील आणि हाच बातमीदार. त्यामुळं मोठी बॅटरी ही इथं चैन नाही. पाण्यापासून संरक्षणाचं ‘आयपी’ मानांकनही बघा. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सोसणारा आणि आयपी ६८ म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत, ठरावीक वेळ स्वच्छ पाण्यात बुडाला तरी टिकणारा. पुराचं गढूळ पाणी त्या चाचणीत धरलेलं नसतं. आणि मानांकन असलं तरी पाणी शिरलेल्या फोनची दुरुस्ती कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पैशाचा हिशेब

किंमत बघू नका, महिन्याचा खर्च काढा. पंधरा हजारांचा फोन तीन वर्षं वापरला आणि शेवटी त्याचं काहीच आलं नाही, तर महिन्याला सुमारे ४१७ रुपये पडले. तीस हजारांचा फोन चार वर्षं वापरून दहा हजारांना गेला, तर वीस हजार भागिले अठ्ठेचाळीस, म्हणजे तेवढेच ४१७. महाग फोन घ्या असा याचा अर्थ नाही. किती वर्षं टिकणार आणि विकताना किती येणार, हे दोन आकडे किमतीइतकेच मोठे आहेत. आणि फोन दर पावसाळ्यात हातातून पडत असेल तर हा सगळा हिशेब स्वस्त फोनच्या बाजूनं झुकतो.

फोनवर १८ टक्के जीएसटी आहे, १ एप्रिल २०२० पासून. तो छापील किमतीत धरलेला असतो, वर वेगळा मागितला तर देऊ नका. किमतीत कव्हर, काच, चार्जर हे हजार-दीड हजार धरा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्यामुळं फोनचे भाव चढले आहेत, त्यामुळं ‘थांबलो तर स्वस्त होईल’ हा जुना आडाखा सध्या चालत नाही. तरी एखाद्या मॉडेलची पुढची आवृत्ती आली की आधीचं उतरतं, तेवढी संधी असतेच.

आता हप्ते. दुकानात हे संभाषण रोज होतं.

‘दादा, रोख कशाला देताय? बिनव्याजी हप्त्यावर घ्या, तेवढंच पडतंय.’

‘बरं, मग रोख दिले तर किती कमी करशील?’

‘रोखीत हजार रुपये कमी करतो की.’

म्हणजे व्याज आहेच, त्या हजारात दडलेलं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं असं की व्याजाइतकी सूट दुकानदार किंवा कंपनी देते आणि बँक व्याज लावतेच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते. अठरा हजारांचा फोन, सहा हप्ते तीन-तीन हजारांचे असं धरा. आत दडलेलं व्याज साडेसातशेच्या आसपास असेल तर त्यावरचा कर १३५ रुपये, १९९ रुपये फी आणि तिच्यावरचा कर मिळून २३५. वर रोखीची हजाराची सूट गेली. सहा महिन्यांसाठी सुमारे १,३७० रुपये. हातात पैसे नसतील तर ही रक्कम फार नाही, पण तिला ‘फुकट’ समजू नका. फायनान्सवर घेताना आणखी दोन प्रश्न विचारा: हप्ता चुकला तर दंड किती, आणि फोन लॉक करणारं अ‍ॅप टाकणार का. वर्षातून दोनदाच पैसे येणाऱ्या माणसानं दरमहाचा हप्ता घेताना तर दहादा विचार करावा.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

‘१६ जीबी रॅम’ (चालू अ‍ॅपना लागणारी तात्पुरती जागा) असं ठळक छापलेलं असतं आणि खाली बारीक ‘८ + ८’. त्यातले दुसरे आठ म्हणजे स्टोरेजमधली उसनी जागा. ती खऱ्या रॅमपेक्षा खूप मंद असते, तिला धरूच नका. आज सहा जीबी खरी रॅम ही किमान, आठ असेल तर निर्धास्त. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको. शक्य असेल तर ते यूएफएस या वेगवान प्रकारचं आहे का बघा. जुन्या ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असलेले स्वस्त फोन वर्षभरात रखडायला लागतात.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलला भुलू नका. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारणपणे नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. मागं तीन-चार भिंगं दिसतात, त्यातलं दोन मेगापिक्सेलचं मॅक्रो किंवा डेप्थ हे बऱ्याचदा शोभेचं. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारं ओआयएस असेल तर त्याला पैसे द्यावेत. पण ओआयएसवाला फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून रोज फिरत असाल तर सांभाळा. मोठ्या इंजिनच्या गाडीच्या कंपनांनी हे भिंग बिघडू शकतं असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. शिवाय उन्हात हँडलवर तापणारा फोन बॅटरीचंही आयुष्य खातो. फोनला ३५ अंशांपर्यंतची हवा मानवते, आपल्याकडं मे महिन्यात पारा त्याच्या वरच असतो.

अपडेटच्या वर्षांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: ती फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. गुगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने एस२४ मालिकेला सात वर्षं देऊ केली. सॅमसंगने २०२४ च्या ए१६ फाइव्ह-जीसारख्या परवडणाऱ्या फोनलाही सहा वर्षं दिली. काही कंपन्या त्याच किमतीत दोन-तीनवरच थांबतात. दीड वर्षापूर्वीचं मॉडेल सेलमध्ये चार हजारांनी स्वस्त मिळत असेल, तर त्यातली दीड वर्षं आधीच सरली आहेत हे धरून भाव करा.

खरेदीच्या वेळी

ऑनलाइनचा भाव बघून ठेवा आणि मग गावातल्या दुकानात तो दाखवा. दोन-चारशेंचा फरक राहिला तर मी गावातूनच घेईन. बिघाड झाला तर दारात जाऊन विचारता येतं. मात्र तुमच्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे की कोल्हापूर-पुण्याला जावं लागेल, हे आधी बघा. हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पडदा फुटला की तोच सगळ्यात मोठा ठरतो.

डबा समोर फोडायला लावा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो डब्याशी आणि बिलाशी जुळवा. जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिलच घ्या. एक फोन लावून बोला, समोरचा-मागचा कॅमेरा उघडा, पांढरा आणि काळा पडदा करून ठिपके बघा.

सेकंड हँड घेत असाल तर आयएमईआय तपासणं सक्तीचं समजा. मेसेजमध्ये केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, आणि तो १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हेच करता येतं. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथं कळतं. विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. त्याचं गुगल किंवा ॲपल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये सेटिंगच्या ‘अबाउट’मध्ये बदललेले सुटे भाग कळतात, ते जरूर बघा. बिल नाही, चार्जर नाही आणि भाव फारच उतरलेला असेल तर तिथून निघा.

फोन बदलण्याचा दिवस

शांत दिवस निवडा. लग्नाच्या आदल्या दिवशी, सौद्याच्या दिवशी किंवा परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखेला हे काम काढू नका. जुना आणि नवा, दोन्ही फोन पूर्ण चार्ज करा आणि घरच्या वायफायवर बसा.

पहिलं काम कॉन्टॅक्टचं. बरेच नंबर गुगल खात्यात न राहता नुसत्या ‘फोन’मध्ये किंवा सिममध्ये असतात. कॉन्टॅक्ट अ‍ॅपमध्ये ते बघून सगळे गुगल खात्यात हलवा. मग फोटो. गुगलची फुकट जागा १५ जीबी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच धरतात, त्यामुळं फोटो तिथं मावणार नसतील तर केबल लावून कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर काढा. कॉल रेकॉर्डिंग आणि बँकेच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट आपोआप येतीलच असं नाही. ते फोल्डर हातानं उचला.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर सेटिंगमधल्या ‘चॅट्स’मध्ये ‘ट्रान्सफर चॅट्स’ आहे, क्यूआर स्कॅन करून सगळं थेट जातं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅप वापरावं लागतं आणि ते नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच लावणं सोपं. आयफोन आधीच वापरायला घेतला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपसाठी पुन्हा रिसेट मारावा लागतो.

दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर (आकडी कोड दाखवणारं) अ‍ॅप असेल तर त्यातली खाती सिम हलवण्याआधी नव्या फोनवर न्या. हे विसरलात तर ऑफिसच्या ईमेलपासून ट्रेडिंग खात्यापर्यंत सगळं कुलूपबंद होतं.

सिम सगळ्यात शेवटी. मग यूपीआय अ‍ॅप उघडा. ते तुमच्या सिममधून एक मेसेज पाठवून नंबर पडताळतं, त्यामुळं बँकेला दिलेलं सिमच निवडलंय ना आणि त्यावर मेसेज जाण्याइतका रिचार्ज आहे ना ते बघा. नव्या फोनवर पहिले चोवीस तास बऱ्याच बँका पाच हजारांचीच मर्यादा ठेवतात; आयफोनवर हा काळ काही ठिकाणी बहात्तर तासांचा असतो. डॉक्टरची फी, खताचं बिल असं काही मोठं देणं असेल तर ते आदल्या दिवशी उरकून घ्या. या दिवसांत ‘तुमचं यूपीआय चालू करून देतो’ म्हणून कुणाचा फोन आला, तर ठेवून द्या. पिन आणि ओटीपी बँक कधीच मागत नाही.

जुन्या फोनचं काय करायचं

निदान पंधरा दिवस तो तसाच ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच, आणि ते दुसऱ्या आठवड्यात आठवतं. एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर हा वेळ मिळत नाही, म्हणून एक्स्चेंजवाल्यांनी वरची सगळी कामं नवा फोन हातात येताच त्याच दिवशी उरकावीत. ऑनलाइन दाखवलेला एक्स्चेंजचा भाव घरी आलेला माणूस ओरखडे बघून कमी करतो, हेही धरून चाला. गावातल्या दोन दुकानांत विचारलं तर कधीकधी चार पैसे जास्त मिळतात.

देण्याआधी क्रम असा ठेवा: सिम आणि मेमरी कार्ड काढा, गुगल किंवा ॲपल खात्यातून साइन आउट करा, स्क्रीन लॉक काढा आणि मग फॅक्टरी रिसेट. खातं न काढता रिसेट मारला तर नवा मालक अडकतो आणि रात्री नऊला तुम्हाला फोन करतो. ओळखीतल्याला देत असाल तरी तारीख आणि आयएमईआय लिहून त्याची सही घ्या. उद्या त्या फोनवरून काही भानगड झाली तर पोलीस आधी बिलावरच्या नावाकडं येतात.

विकायच्या लायकीचा नसेल तर घंटागाडीत टाकू नका, फुगलेल्या बॅटरीचा तर मुळीच नाही. कचऱ्यात दाबला गेला तर पेट घेतो. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुने फोन गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलायला किंवा काही विचारायला जाल तेव्हा तो सोबत न्या आणि जमा करून घेतात का विचारा. फुगलेली बॅटरी असलेला फोन तोपर्यंत कपाटात कपड्यांखाली ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात, कोरड्या जागी, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.